सर पडले, आम्ही लिहीत होतो

सर पडले तेव्हा वर्गात आम्ही एकेचाळीस जण होतो, आणि एकेचाळीस जणांनी पेनांची टोपणं काढली.

ही गोष्ट मी लग्नाच्या मांडवात सांगितली आहे, सलूनच्या बाकड्यावर सांगितली आहे, बियाणं विकणाऱ्या दुकानदारांच्या मेळाव्यात तर माइकवरून सांगितली आहे. या पहिल्या वाक्याला ऐकणाऱ्याच्या हातातला कप हातातच राहतो. मग तो विचारतो, "अन् सर?" मी म्हणतो, सर फरशीवर आहेत. राहू द्या त्यांना तिथं थोडा वेळ. आम्हीही राहू दिलं होतं.

सर परतूरच्या एका कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र शिकवायचे. विभागात ते एकटेच. "विभागाची बैठक मी आंघोळीच्या वेळी घेतो," असं ते सांगायचे, "सगळे ठराव एकमतानं होतात." विभाग म्हणजे जिन्याखालची खोली आणि एक लोखंडी कपाट. कपाटात डोळे बांधून बोट फिरवायचा लाकडी चक्रव्यूह, एक आरसा, शब्दांची कार्डं. कपाटात एकच वस्तू कधी नसायची. स्टॉपवॉच. ते सरांच्या गळ्यात असायचं.

काळ्या दोरीत ओवलेलं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. डोक्यावरचं बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कॉलेजच्या सामानाच्या यादीत नोंदलेलं आणि विभागातलं एकमेव, म्हणून सर त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. आणि त्यावर दिवसभर काहीबाही मोजायचे. जालन्याहून येताना गाडी सिग्नलला किती थांबली, कॅन्टीनवाल्यानं "आत्ता आणतो" म्हटल्यापासून चहा यायला किती लागला, सगळं. एकदा प्राचार्यांनाच त्यांनी निकाल ऐकवला. "सर, तुम्ही न्हाई म्हणायला दोन सेकंद घेता अन् हो म्हणायला सहा महिने. मधलं काहीच कसं न्हाई?"

दुसरी खोड प्रश्नाची. कुणी काहीही सांगितलं की सर विचारायचे, "पाहिलंस का ऐकलंस?" आज बस बंद आहे, सर. पाहिलंस का ऐकलंस? ऐकलं. "मंग बस बंद आहे म्हणू नको. बंद आहे असं ऐकलं, म्हण." आम्हाला प्रश्न पडायचा, हा माणूस घरी जेवतो कसा? स्वयंपाक झालाय हे बायकोच्या तोंडून ऐकून तर उठणार नाही.

मी या विषयाला गेलो तो तिथं जागा शिल्लक होत्या म्हणून. घरी मात्र खळबळ उडाली. वडील गोठ्यातून आले आणि म्हणाले, "मनाचं शास्त्र घेतलं म्हणं तू. मंग सांग, माझ्या मनात काय चालू हाय?"

मी म्हणालो, "म्हैस."

"बराबर," वडील म्हणाले आणि जरा मागं सरकले. त्या दिवसापासून गावात चार लोक माझ्यासमोर जपून विचार करू लागले.

हे मी सरांना फुशारकीनं सांगितलं. ते हसले नाहीत. "म्हैस म्हणायच्या आधी काय पाहिलंस?"

"त्यांच्या हातात कासरा होता, सर."

"मंग तू मन वाचलं न्हाईस, कासरा वाचलास. तीन वर्षं एवढंच शिकायचं आहे. बाकी पुस्तकात आहे."

आता जरा सरांकडं बघू. ते फेब्रुवारीतल्या दुपारी, पत्र्याच्या वर्गात, फळ्याखाली उताणे पडले आहेत. खडू घरंगळत पहिल्या बाकाखाली गेला आहे. वर्गात कुणी घाबरलेलं नाही. उलट सगळे खूश आहेत. आणि मला वाटतं, एखादं मिनिट होत आलं आहे.

आम्ही खूश का होतो, ते सांगायला माझा काका लागतो.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला प्रयुक्त म्हणतात. प्रयुक्त प्रत्येकानं आपापला शोधायचा, प्रयोग करायचा, आकडे वहीत लिहायचे. आमच्यातले निम्मे लोक बाकावर बसल्या बसल्याच आकडे तयार करायचे. मीही अंकुशनगरला साखर कारखान्यात असलेल्या काकाला पाच प्रयोगांत प्रयुक्त केलं होतं, त्याच्या नकळत. सरांनी वही चाळली आणि मला जिन्याखाली बोलावलं.

"तुझा काका पहिल्या प्रयोगात अडतीस वर्षांचा आहे, चौथ्यात पंचावन्नचा. कारखान्यात माणसं लवकर पिकतात का?"

मी वही परत घ्यायला हात पुढं केला.

"खोटं चांगलं रचतोस, पण मोजून रचत न्हाईस," सर म्हणाले. "दार लाव. माझ्याकडं काम आहे."

काम असं होतं. सर दरवर्षी वर्गात अचानक एखादा प्रसंग घडवून आणायचे. प्रसंग संपला की ओरडायचे, "लिहा, काय पाहिलंत." मग ते कागद मोठ्यानं वाचायचे. एकाच माणसाचा शर्ट कागदोकागदी निळा, पांढरा, चौकटीचा निघायचा, आणि आपल्या डोळ्यांवरचा आमचा विश्वास तिथल्या तिथं उडायचा. त्यासाठी त्यांना एक नट लागायचा. आमच्या वर्षी तो मी.

प्रसंग ठरला तो भयंकर. मी उशिरा यायचं, सरांनी झापायचं, मी उलट बोलायचं आणि शेवटी सरांना ढकलायचं. शिक्षकाला. सरांना त्याचं काही नाही. त्यांचं सगळं लक्ष पडण्यावर. जिन्याखालच्या खोलीत गोणपाट अंथरून ते सहा वेळा पडले. "आधी हात टेकवायचा न्हाई. लोकांना कळतं." मात्र दर वेळी पडण्याआधी ते गळ्यातलं स्टॉपवॉच काढायचे, रुमालात गुंडाळायचे आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

"मी पडलो तर दोन दिवसांत नीट होतो," ते म्हणाले, "हे पडलं तर प्राचार्य दहा वर्षं विचारतील."

जुलैत प्रयोग झाला. मी ढकललं, सर असे पडले की मागच्या बाकावरच्या एका मुलीला रडू फुटलं. कागद वाचून झाल्यावर सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्यातल्या एकानंसुद्धा लिहिलं न्हाई की भांडण सुरू व्हायच्या आधी मी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. ज्याला पडायचं असतं तो आधी काय सांभाळतो, ते बघायला शिका."

ऑगस्टमध्ये दुसरा प्रसंग. एक अनोळखी माणूस वर्गात घुसला आणि सरांची पिशवी ओढू लागला. पहिल्या बाकावर उत्तम बसायचा. तालमीतला गडी, कान मोडलेले, बोलणं कमी. त्यानं दोन ढांगांत त्या माणसाला गाठलं आणि भिंतीला असं लावलं की तो माणूस "दाजी, दाजी" करू लागला. ते सरांचे मेहुणे होते, जालन्याहून खास याच कामासाठी आलेले.

मेहुण्याला पाणी पाजून सरांनी उत्तमला विचारलं, "पाहुण्यांच्या पायात काय आहे? खाली बघायचं न्हाई."

उत्तम छताकडं बघून आठवू लागला.

"शर्टाचा रंग? तोही न्हाई? ज्यानं पाहिलंच न्हाई, त्याच्या धावण्याचा काय उपयोग?"

वर्ग हसला. महिनाभर कॅन्टीनमध्ये उत्तमला बघितलं की कुणीतरी विचारायचंच, "काय भौ, पायात काय होतं?" उत्तम मान खाली घालून भजी खायचा. मी सगळ्यांत जास्त हसत होतो, हेही सांगून टाकतो.

आता फेब्रुवारी. त्या आठवड्यात सर जो भाग शिकवत होते, त्याला आमच्या पुस्तकात बघ्यांचा परिणाम म्हणत. माणूस अडचणीत असला आणि बघणारे पुष्कळ असले, की मदत लवकर मिळत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी जाईल. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो, आणि दुसरा शांत दिसला की समजतो, काही विशेष नाही. सोपा भाग. दहा गुणांना हमखास येणारा.

सरांनी फळ्यावर तेच शीर्षक लिहिलं, वळले, एक हात टेबलाला लावला, दुसरा छातीवर नेला. "याचं पहिलं कारण," एवढं बोलले आणि गुडघ्यांतून खाली गेले.

यापेक्षा चांगला प्रयोग कोण लावणार होतं? फळ्यावर शीर्षक आणि खाली माणूस. पहिला नंबर काढणाऱ्या सुनंदानं टोपण सगळ्यांत आधी काढलं आणि मान न हलवता कुजबुजली, "दाराकडं लक्ष ठेवा, कुणीतरी येणार." उत्तमनं बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. त्याच्या मनगटावरच्या शिरा मला मागून दिसत होत्या. पायात काय होतं, हा प्रश्न त्याला बाकाशी बांधून बसला होता.

मग सगळा वर्ग वळला आणि माझ्याकडं बघू लागला. सरांचा नट तो मीच. मला माहीत असणार.

मला काहीच माहीत नव्हतं. मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं वर्गाला इतकं सफाईदार वाटलं, की चाळीस तोंडांवर हसू आलं आणि चाळीस माना कागदात गेल्या.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं? राग होता. सरांनी या खेपेला दुसरा नट घेतला आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मग वाटलं, या प्रयोगात प्रयुक्त मीच असेन. आपण प्रयुक्त आहोत हे ज्याला कळतं तो प्रयुक्त उरत नाही, असं सर नेहमी म्हणायचे. तेव्हा आपल्याला कळलंय हे कळू द्यायचं नाही. मीही लिहायला लागलो.

एक, सर पडले. दोन, उजवा हात छातीवर. तीन, घाम. चार, डोळे अर्धे उघडे.

घाम लिहिताना तर मला कौतुक वाटलं. पडणं मी जुलैतलं धरून सात वेळा पाहिलं होतं, पण घाम? घाम कसा आणला असेल माणसानं? मी विचारायचं ठरवलं.

पाचव्या ओळीसाठी पुन्हा वर बघितलं. सरांच्या कॉलरमधून काळी दोरी निघाली होती, खांद्यावरून खाली गेली होती आणि त्यांच्या अंगाखाली नाहीशी झाली होती.

माझं पेन तिथंच थांबलं. नुसती दोरी होती. वडिलांच्या हातातल्या कासऱ्याएवढीच साधी.

"खरं हाय," मी म्हणालो. आवाज निघालाच नाही. मी उभा राहिलो. "अरे, खरं हाय हे. सर खरंच पडलेत."

मागून एकानं टाळ्या वाजवल्या.

"खाली बस की भौ," दुसरा म्हणाला, "लिहू दे."

"आईची शपथ, खरं हाय."

"ओव्हरॲक्टिंग करून राह्यला," सुनंदा कागदातून वर न बघता म्हणाली, आणि मला वाटतं, तेही तिनं लिहून घेतलं.

गॅदरिंगमध्ये मी नेहमी टाळ्या घेतल्या होत्या. आता मात्र मी माझ्या जन्मातलं पहिलं खरं वाक्य बोलत होतो आणि ते कुणी घेत नव्हतं. मी एकटाच पळत का सुटलो नाही, असं लोक विचारतात. मीही विचारतो. चाळीस जण शांत बसलेले असले की एकाच्या पायांना आपण बरोबर आहोत असं वाटत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मला पाठ होतं.

मग मी म्हणालो, "घड्याळ गळ्यात हाय. ड्रॉवरमधी न्हाई. त्यांच्या अंगाखाली हाय बघा घड्याळ."

लिहायचा आवाज थांबला. एकेचाळीस जणांच्या वर्गात लिहिण्याचा आवाज असतो, हे तो थांबल्यावर कळतं. सुनंदाच्या हातातून पेन पडलं. उत्तम कधी उठला ते मला सांगता येणार नाही. मी बघितलं तेव्हा तो सरांजवळ होता आणि सर त्याच्या दोन्ही हातांवर होते, लग्नातल्या लहान नवरदेवासारखे.

सर उचलले गेले आणि दोरीला लोंबणारं स्टॉपवॉच माझ्यासमोर आलं. ते चालू होतं. मी सवयीनं बटण दाबलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

खेळाच्या सरांच्या जीपमधून स्टेशनच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?" एक म्हणाला आत्ताच, दुसरा म्हणाला दहा मिनिटं, तिसरा म्हणाला अर्धा तास. मी म्हणालो, "पडल्यापासून उचलेपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद." डॉक्टरांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की पुढचा पेशंट मीच. त्यांनी सरांच्या जिभेखाली गोळी ठेवली, सुई दिली, आणि जल्दी जालन्याला हलवा म्हणाले. जालन्याहून औरंगाबादला नेलं, एवढंच आम्हाला कळलं.

त्यानंतरचे चार दिवस वर्ग नुसता भरायचा. फळा कुणी पुसला नव्हता. सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्यानं काही झालं असलं तर ते आम्ही केलं होतं, अक्षर चांगलं काढून.

पाचव्या दिवशी एक जण धावत आला. "सर गेले, भौ."

उत्तमनं त्याची कॉलर धरली. "पाहिलंस का ऐकलंस?"

"ऐकलं. स्टँडवर."

"मंग गेले म्हणू नको," उत्तम म्हणाला. त्यानं कॉलर सोडली. मला म्हणाला, "चल."

आम्ही दोघं गाडीनं औरंगाबादला गेलो. अख्ख्या वाटेत उत्तम नुसता मुठी उघडत-मिटत होता. दवाखान्याच्या काचेतून सर दिसले. नळ्या लावलेले, डोळे मिटलेले. उत्तम काचेला कपाळ लावून किती तरी वेळ त्यांच्या छातीकडं बघत राहिला, वर-खाली, वर-खाली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यानं दारातूनच सांगितलं, "पाहिलं. जिते हायेत." मग बाकावर बसला आणि हमसून रडला. त्या दिवशी त्याला कुणी पायाचं विचारलं नाही.

सर एप्रिलमध्ये आले. निम्मे झालेले, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कागद द्या."

काहींनी फाडून टाकले होते. उरलेले सुनंदानं काढून दिले, टाचणी लावलेले. सरांनी एकेक वाचला. आपण मरत असताना लोकांना काय काय दिसलं, ते हा माणूस चष्मा पुसून वाचत होता. एका कागदावर शर्ट निळा होता, एकावर पांढरा.

मग ते उत्तमला म्हणाले, "धावण्याच्या उपयोगाबद्दल मी एक वाक्य बोलल्तो तुला. वर्गासमोर बोलल्तो. वर्गासमोरच परत घेतो."

उत्तम उभा राहिला, काय करावं कळेना म्हणून नमस्कार करून खाली बसला.

माझ्या कागदावर चार ओळी होत्या आणि पाचव्याच्या जागी पेन घसरल्याची रेघ. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, "निरीक्षण चांगले. उशीर ३ मिनिटे ४० सेकंद. चूक शिक्षकाची." तो कागद माझ्याकडं आहे.

मी नंतर जिन्याखाली जाऊन विचारलं, "सर, बटण तुम्ही दाबलं का पडताना दाबलं गेलं?"

"आठवत न्हाई," ते म्हणाले. "अन् आठवतं म्हणालो असतो तरी तू विश्वास ठेवायला नको होतास. वर्षभर काय शिकवलं मी?"

परीक्षेत तो प्रश्न आलाच, दहा गुणांना. मी तो सोडून दुसरा लिहिला. पुढच्या वर्षांच्या पोरांकडून कळलं, सर पहिल्याच तासाला नियम सांगायचे. घड्याळ टेबलावर दिसलं तर लिहा. गळ्यात दिसलं तर पळा.

आता सर निवृत्त आहेत. जुनं स्टॉपवॉच त्यांनी सही घेऊन कॉलेजला परत केलं आणि त्याच दिवशी स्वतःसाठी दुसरं आणलं. मी नवीन जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत आहे, त्यांचं घर स्टेशनच्या पलीकडं. गेल्या महिन्यात दुपारी पेरू घेऊन गेलो. दार उघडंच. सर दिवाणावर उताणे, तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय, चष्मा जमिनीवर.

पिशवी कुठं टाकली ते मला आठवत नाही. मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवत होतो आणि ओरडत होतो, "काकू, पाणी. काकू, गाडी बोलवा."

सरांनी डोळे न उघडता लोंबणारा हात उचलला, शेजारच्या टेबलापर्यंत नेला आणि बटण दाबलं.

"तुझी चप्पल पायरीवर वाजल्यापासून सहा सेकंद," ते म्हणाले. "सुधारणा आहे."

मी धापा टाकत जमिनीवर बसलो. पेरू खोलीभर झाले होते.

"पण घड्याळ कुठं होतं ते पाहिलंस का आधी?"

टेबलावर होतं. रुमालाची घडी करून तिच्यावर ठेवलेलं. "न्हाई सर."

"मंग निरीक्षणात नापास," असं म्हणून ते उठून बसले, भलतेच खूश.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. "घ्या भाऊ, पाणी घ्या. सकाळपासून तुम्ही दुसरे. तो पेपरवाला तर बिचारा रडला."

"त्याचे किती सेकंद?" मी विचारलं.

"चार," सर म्हणाले आणि पायाशी आलेला एक पेरू उचलून शर्टाला पुसू लागले. "पण त्यानं मानसशास्त्र घेतलेलं न्हाई."